चंद्र नसलेला पडदा

प्रभुलिंग पेंटर अजून रोज संध्याकाळी माझ्या स्टुडिओत येतो. दाराजवळच्या स्टुलावर बसतो, चहा पितो आणि चार शब्द बोलून उठतो. त्या चारांतले दोन 'व्हय' आणि 'न्हाय' असतात. गिऱ्हाइकांना वाटतं, हा माझा कुणी नातेवाईक असावा. मी म्हणतो, नातेवाईक असता तर बरं झालं असतं, वेळेवर दोन ठेवून दिल्या असत्या. आता त्याचे केस पिकलेत आणि माझे गळलेत. ह्या वयात कुणाला काय ठेवून देणार!

मी भूपाल. गंगावेशीत आमचा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांपासूनचा. आता दोन हजार पाच साल चालू आहे. माणसाला पांढऱ्या भिंतीपुढं उभं करायचं आणि नंतर कॉम्प्युटरवर मागं काय पाहिजे ते चिकटवायचं, ताजमहाल म्हणा नाहीतर स्वित्झर्लंड. नव्वद-पंच्याण्णवच्या आसपास तसं नव्हतं. मागं खरा कापडी पडदा असायचा आणि तो कुणीतरी माणसानं रंगवलेला असायचा. आमच्याकडचे सगळे पडदे प्रभुलिंगनं रंगवले.

हा मूळचा संकेश्वराकडचा. आईबाप लहानपणीच गेले, चुलत्यानं वाढवला म्हणजे काय, जेवायला घातलं. मिसरूड फुटायच्या आत कोल्हापुरात आला आणि नाटक कंपनीचे पडदे रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या हाताखाली लागला. रस्ता, जंगल, दरबार, एवढंच रंगवत दहा वर्षं गेली. कंपन्या बसल्या, म्हाताराही गेला, मग हा फोटो स्टुडिओंचे पडदे करायला लागला. मांजरपाटाचं जाडं कापड ताणून बसवायचं, त्यावर चिकट सरस आणि खडू कालवून एक हात मारायचा, तो वाळला की रंग. काम करताना तोंडातून चकार शब्द नाही. मी सुरुवातीला बोलायला जायचो, मग नाद सोडला.

आणि काढायचा काय? कुठल्याच नकाशात नसलेली गावं! निळं तळं, तळ्यात हंस, पलीकडं बर्फाचे डोंगर, डोंगरावर महाल, महालातून उतरणाऱ्या पायऱ्या थेट पाण्यात. कडेला उंच निमुळती झाडं, जी शिरोळपासून शाहूवाडीपर्यंत कुणाच्या बांधावर उगवलेली नाहीत. ह्या गड्यानं बर्फ बघितला तो फक्त उसाच्या रसाच्या गाड्यावर. मलकापूरच्या पुढं घाट उतरून कधी समुद्रसुद्धा बघायला गेला नाही.

फोटो हातात पडला की गिऱ्हाइकं विचारायची, "ह्यो काश्मीर हाय का वो?" मी म्हणायचो, व्हय. दुसरा म्हणायचा, "उटी न्हवं ही?" व्हय की, उटीच. मिलिटरीत भरती झालेल्या पोराच्या आईला तिथं बर्फ दिसायचा आणि डोळ्यांत पाणी यायचं, त्याच पडद्यापुढं नवीन लग्न झालेलं जोडपं लाजून लाल व्हायचं. पडदा एकच. ज्याच्या मनात जे असेल ते त्यात दिसायचं.

पडद्याची एक रीत असते, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. साध्या चित्रात मुख्य गोष्ट मध्ये असते. पडद्यात उलटं. सगळं चित्र कडेला काढायचं आणि मध्ये काही काढायचं नाही. मध्ये नुसतं फिकट धुकं, नाहीतर फिकट पाणी. कारण मध्ये माणूस येऊन उभारणार. मध्ये झाड काढलं तर ते माणसाच्या डोक्यातून उगवल्यासारखं दिसतं. प्रभुलिंग म्हणायचा, "पडदा नुसता बघितला तर अर्धवट वाटला पायजे आण्णा. पुरा वाटला तर त्यात माणसाला जागा न्हाय." हे त्याचं आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण.

राहायला रविवार पेठेत एक खोली. दोनदा गेलोय मी. एक कॉट, एक स्टो, दोरीवर दोन शर्ट. भिंतीवर काही नाही. म्हटलं, "अरे, गावाचे पडदे रंगवतोस, स्वतःच्या भिंतीला एक हंस तरी काढ!" तर म्हणाला, "कोण बघणार?" जेवण खाणावळीत, कोपऱ्यातलं टेबल. दिवाळीत आमच्या दारात यायचा, अर्धा किलो पेढ्याचा पुडा माझ्या बायकोच्या हातात द्यायचा आणि ती "आत या की, फराळ करा" म्हणेपर्यंत जिना उतरलेला असायचा. सणाच्या दिवशी असा पाठमोरा उतरताना बघितला की मी वरून हाक मारायचो. सांगून उपयोग नव्हता.

तर, विद्याश्री.

उत्तरेश्वर पेठेतल्या सिद्धाप्पांची मुलगी. सिद्धाप्पा शाहूपुरीत गुळाच्या अडतीत कामाला. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. मुलगी शिकलेली, सावळी, कामाला वाघ, आणि हसली की समोरचा माणूसही कारण नसताना हसायचा. स्टुडिओत शिरली की माझ्या बायकोला ओरडून सांगायची, "काकू, आलो मी! आज जरा माणसात आणा मला!" आमच्याकडच्या पोरी 'आलो-गेलो'च म्हणतात, पुण्याच्या पावण्यांना त्याचं हसू येतं, येऊ दे. पद्मावती, म्हणजे माझी बायको, तिची वेणी घालायची, पदर नीट लावून द्यायची, आणि दोघींचा दंगा चालायचा.

विद्याश्री यायची ती स्थळासाठीच्या फोटोला. तेव्हा आधी फोटो जायचा, मग मुलगी बघायला पाहुणे यायचे. फोटो पसंत नाही तर पोह्यांचा खर्च वाचला. आणि ह्या पोरीचं नशीब असं, की कॅमेऱ्यापुढं आली रे आली की तिचा खांब व्हायचा! मान ताठ, ओठ मिटलेले, डोळे विझलेले. मी सगळे उपाय केले. विनोद सांगितले, शिट्टी वाजवली, पद्मावतीला माझ्या मागं उभी करून वेडावायला लावलं. काही नाही. फोटो यायचा तो शाळेच्या दाखल्यावर लावावा असा. तो फोटो गडहिंग्लजला जायचा, निपाणीला जायचा, जयसिंगपूरला जायचा आणि परत यायचा. वर्षानं मुलगी थोडी मोठी झालेली, म्हणून पुन्हा नवा फोटो. असं एक नाही, पाच वर्षं चाललं होतं. सिद्धाप्पा बिचारे दर वेळी बाकड्यावर बसायचे, टोपी हातात घेऊन, आणि मुलीला म्हणायचे, "ह्या टायमाला हास गं बाळ जरा."

आणि दर वेळी, ह्या दाराजवळच्या स्टुलावर, प्रभुलिंग. योगायोगानं बरं का! कधी पडद्याची दोरी सैल झालेली, कधी कड फाटलेली. कड रात्रीतून कशी फाटते म्हणून मी उंदराचं औषध टाकलं. पद्मावती हसली आणि म्हणाली, "उंदीर नव्हे हो. तो स्टुलावर बसलाय." मग मीही बघायला लागलो. ती आली की हा डबा उघडून ब्रश पुसत बसायचा, कोरडे असलेले ब्रश. तिच्याकडं सरळ बघायचा नाही. ती गेली की पायऱ्यांवरून तिचा आवाज पूर्ण खाली जाईपर्यंत तसाच बसायचा.

मला आनंद झाला! का होऊ नये? दोघांची जात एक, पोटजात जुळणारी, गडी निर्व्यसनी, हातात कसब. वय दहा वर्षांनी जास्त, त्याला काय होतंय. सिद्धाप्पांनी स्थळं बघून बघून हात टेकलेले. मागणी घालायचा अवकाश, त्यांनी दोन्ही हातांनी घेतली असती. मी प्रभुलिंगला आडून विचारलं, सरळ विचारलं, चिडवलं. तो लाल व्हायचा आणि उठून जायचा.

पंच्याण्णवच्या दिवाळीच्या आधी तो म्हणाला, "आण्णा, एक नवीन पडदा करतो. पैसं नकोत." आणि मागच्या खोलीत दार लावून बसला. पंधरा-वीस दिवस तिकडं फिरकू दिलं नाही. मग एका दुपारी त्यानं तो पडदा टांगला.

काय सांगू तुम्हाला! तळं होतं, पायऱ्या होत्या, डोंगर होते, सगळं नेहमीचंच. पण वेळ रात्रीची. निळी-काळी रात्र, आणि सगळ्यावर चांदणं. झाडांच्या आतल्या बाजूला चांदणं, पायऱ्यांच्या कडेला चांदणं, हंसाच्या मानेवर, होडीच्या टोकाला, पाण्यावर तर चांदण्याची एक वाटच खाली उतरत आलेली. डोंगरसुद्धा आतल्या अंगानं उजळलेले. पद्मावती कमरेवर हात ठेवून बघत राहिली, आणि मग म्हणाली, "ह्यात चंद्र कुठाय?"

खरंच की! चंद्र नव्हता. उजेड सगळा मधून येत होता आणि मध्ये, झाडांच्या फटीत, नुसती फिकट लिंबाच्या रंगाची मोकळी जागा. होडीचं टोक तिकडं, दोन्ही हंसांच्या माना तिकडं, झाडं तिकडं झुकलेली, पायऱ्या तिथवर येऊन थांबलेल्या. जत्रेत सगळे माना वर करून बघतायत आणि वर काहीच नाही, असं ते वाटत होतं. पद्मावती म्हणाली, "कसंतरीच वाटतंय बाई हे बघून. कुणी मेलंय का ह्यात?" मी म्हटलं, "प्रभुलिंग, लेका, चंद्र विसरलास!" तो म्हणाला, "न्हाय." आणि डबा घेऊन गेला.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांनी डोकं खाल्लं. मलकापूरचा एक व्यापारी त्या पडद्यापुढं उभारला तर उजेड त्याच्या पोटातून निघाला. एका उंच पोराच्या छातीतून निघाला. लहान पोरं उभी केली तर डोक्यावर भलतीच पोकळी. कुणाला तो पडदा जमेना. मी वैतागलो. एवढा सुंदर पडदा आणि कोल्हापुरातल्या एकाही माणसाला बसत नाही म्हणजे काय!

मग दिवाळी झाल्यावर विद्याश्री आली. नेहमीसारखी वेणी, नेहमीसारखा दंगा, नेहमीसारखे सिद्धाप्पा बाकड्यावर. मी नेहमीसारखं म्हटलं, "हं, समोर बघ. मान वर." आणि कॅमेऱ्याच्या काचेत वाकून बघितलं.

तिचं डोकं त्या मोकळ्या जागेत बरोब्बर बसलं होतं. बोटभर वर नाही, बोटभर खाली नाही. आणि सगळं चित्र एकदम शहाणं झालं. ते चांदणं तिच्यातून येत होतं. पाण्यावरची वाट तिच्या पदरापासून सुरू होत होती. हंस तिच्याकडं बघत होते, होडी तिच्याकडं निघाली होती, डोंगर तिच्यामुळं उजळले होते. ती नेहमीसारखीच ताठ उभी होती, खांबासारखी, पण आता त्या ताठपणाला शोभा आली होती, देवळातल्या समईसारखी. त्या चित्रात तिनं हसायची गरजच नव्हती. इतके दिवस मला भुताटकीचं वाटलेलं चित्र आज बोलत होतं, आणि काय बोलत होतं ते आंधळ्यालाही कळलं असतं. मी मान वर करून प्रभुलिंगकडं बघितलं. तो कोरडा ब्रश पुसत होता.

ती गेल्यावर मी स्टुडिओचं शटर अर्धं ओढलं आणि त्याला धरला.

"हा पडदा कुणासाठी काढलास?"

"गिऱ्हाइकासाठी."

"कुठल्या? ते पाच वर्षं येतंय त्या?"

त्यानं डब्याचं झाकण लावलं.

"अरे मग बोल की सिद्धाप्पांशी! का मुहूर्त बघतोयस?"

"बोललोय की."

"कवा?"

त्यानं पडद्याकडं मान केली. "ते काय मग?"

मी कपाळाला हात लावला. "येड्या, ती त्याच्याकडं पाठ करून उभारती! स्टुडिओत आलेला माणूस पडदा बघतोय कवा? आत आला की आरसा बघतो, मग मला बघतो, मग जिना उतरतो. पडदा बघणारा मी! फोटोत बघितला तरी मधली मोकळी जागा तिनंच झाकलेली! मला काय लग्न करायचंय का तुझ्याशी?"

हे त्याला खरंच सुचलं नव्हतं हो. आयुष्यभर पडदे केले, माणसं पुढं कशी दिसतील ह्याचा केसाएवढा विचार केला, आणि पुढच्या माणसाला मागचं दिसत नाही, एवढं साधं डोक्यात आलं नाही. त्यानं पडद्याकडं बघितलं. मग म्हणाला, "कवातरी वळून बघंल." मी म्हटलं, "तू नाही बोललास तर मी उद्या जाऊन बोलतो." तर त्यानं माझा हात घट्ट धरला. "शपथ हाय आण्णा तुम्हाला. माझं मी बोलतो. जरा दम खावा."

दम खाल्ला. फोटो तयार होऊन आले, मी टेबलाच्या खणात टाकले आणि सिद्धाप्पांना सांगितलं, लॅबवाल्यानं घोळ केलाय. तेवढेच दिवस ह्याच्या हातात. असा फोटो एकदा बाहेर गेला की पहिलंच स्थळ उचलणार, हे मला कळत होतं, आणि त्यालाही मी चार वेळा सांगितलं. शेवटी सिद्धाप्पा माझ्यावर डाफरले. तेव्हा प्रभुलिंग उठला आणि म्हणाला, "द्या हिकडं. मी नेऊन देतो त्यांच्या घरी."

पद्मावतीनं आणि मी एकमेकांकडं बघितलं. गड्यानं दाढी केली होती! इस्त्रीचा शर्ट! पाकीट दोन्ही हातांत धरून तो जिना उतरला आणि पद्मावतीनं आतल्या देवाच्या फोटोला हात जोडले.

तासाभरानं परत आला. स्टुलावर बसला.

"दिला?" मी विचारलं.

"दिला."

"मग?"

"चहा दिला त्यांनी. तिनंच आणला."

"मग? बोल की!"

"फोटू लई आवडला त्यास्नी. तिच्या आईनं तर छातीशी धरला."

"अरे, ते सोड! तू काय बोललास?"

त्यानं नखातला रंग उकरला. "सिद्धाप्पा म्हणालं, पेंटर, तुमचं चार गावांत जाणं-येणं असतंय. आमच्या विद्याश्रीजोगं कुठं स्थळ असलं तर बघा की."

मुलीचा बाप समोर बसून विचारतोय, स्थळ आहे का! ह्याच्यापेक्षा दार आणखी किती उघडायचं माणसानं? पद्मावतीनं घाबरत विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालासा?"

"बघतो म्हणालो."

मी त्याला त्या दिवशी काय काय बोललो ते इथं सांगत नाही. शेजारचा सायकलवाला भांडण सोडवायला वर आला होता, एवढंच सांगतो. प्रभुलिंग ऐकून घेत राहिला आणि शेवटी 'व्हय' म्हणून गेला.

पुढं जे व्हायचं तेच झालं. बिद्रीकडं साखर कारखान्यात केमिस्ट असलेला राजशेखर नावाचा मुलगा, चांगलं घर, चांगली शेती. फोटो बघूनच हो म्हणाले. सिद्धाप्पा पेढे घेऊन आले, बाकड्यावर बसले आणि रडले. "भूपाल, पावणं म्हणालं, पोरीच्या तोंडावर काय तेज हाय हो! पाच वर्सांत असं कुणी म्हणालं न्हवतं." पहिला पेढा त्यांनी मला दिला, दुसरा स्टुलावरच्या माणसाला. "घ्या पेंटर. तुमच्या पडद्यानं काम केलं." प्रभुलिंगनं पेढा खाल्ला. बोटं पुसली. म्हणाला, "गोड हाय." पद्मावती आतल्या खोलीत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

आठवडाभर तो आलाच नाही. मग मी शोधायला निघालो. रंकाळ्यावर सापडला, भेळेच्या गाड्यांपासून लांब, पाण्याकडं तोंड करून बसलेला. मागं सगळं कोल्हापूर हवा खायला आलेलं, पोरं किंचाळतायत, आणि हा त्या सगळ्याला पाठ करून. मी शेजारी बसलो. शिव्या पाठ करून गेलो होतो, पण एकही सुचेना.

तोच बोलला. "आण्णा, मला मागं उभं ऱ्हायची सवय हाय. म्होरं यायचं जमतच न्हाय. त्या दिवशी तिनं चहाचा कप धरला म्होरं, मी कपाकडंच बघत बसलो."

"आता काय करणार?"

"काय करायचंय. पडदं हायेत की." मग म्हणाला, "पैलं एकटं हुतो, पर एकटं वाटत न्हवतं. आता खोलीवर गेलं की लई एकटं वाटतंय वो."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार होतो? अंधार पडेपर्यंत बसलो आणि मग दोघं चालत पेठेत आलो.

लग्न उन्हाळ्यात झालं. आमच्याकडं तेव्हा पद्धत होती, लग्नानंतर पहिल्या माहेरपणाला नवरा-बायकोनं स्टुडिओत जोडीनं फोटो काढायचा. विद्याश्री आणि राजशेखर आले. प्रभुलिंग स्टुलावर होता. मी त्याला डोळ्यांनी 'जा' म्हणत होतो आणि तो उठत नव्हता. विद्याश्री आत आली ती पूर्वीसारखी ओरडली नाही, हळू बोलली, हिरवा चुडा आवरत. राजशेखर खरोखर चांगला मुलगा. मला वाकून नमस्कार केला. पद्मावतीनं त्याला आतल्या आरशापुढं केस नीट करायला नेलं. मी कॅमेऱ्यात रोल भरत होतो. माझे हात गुंतलेले, तिचा बाप सोबत नाही, समोर बघ म्हणायला कुणी नाही. विद्याश्री पडद्यापुढं एकटी उभी राहिली होती, आणि काही काम नसलेला माणूस बघतो तसं तिनं वळून मागं बघितलं.

आधी सहजच बघितलं. मग दोन पावलं मागं आली, सगळा पडदा दिसेल अशी. "किती चांदणं काढलंय!" ती म्हणाली. "पर चंद्र कुठाय?"

ती पुढं गेली, हंसांच्या माना कुठं वळल्यात ते बोटानं बघत गेली, पाण्यावरच्या वाटेवरून बोट वर नेत गेली आणि त्या मोकळ्या जागेशी थांबली. मग हळूच वळली, आपल्या नेहमीच्या जागेवर उभी राहिली, आणि तळहात स्वतःच्या डोक्यावर ठेवून तसाच मागं नेला. हात बरोबर त्या फटीत पडला.

रोल माझ्या हातातून निसटला. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. स्टुलाकडं बघितलं.

"पेंटर, हा कवा काढलासा?"

"दिवाळीच्या आधी." त्याचा आवाज मला ऐकू आला तो कसाबसा.

"म्हंजे मी त्या फोटूला यायच्या आधी."

"व्हय."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण हसूही नव्हतं. आतून पद्मावतीच्या बोलण्याचा आणि राजशेखरच्या हसण्याचा आवाज येत होता. मग ती अगदी हळू म्हणाली, "पाच वर्सं मी हितं येऊन उभारलो. दर टायमाला सगळी सांगत हुतीसा, म्होरं बघ, मान वर कर. एकदा कुणीतरी 'मागं बघ' म्हणायचं हुतं की वो. मी बघितलं असतं."

प्रभुलिंग उठून उभा राहिला. ओठ हलले. मला वाटलं, आता बोलेल, आता काय उपयोग, पण बोलेल. तेवढ्यात राजशेखर बाहेर आला, केस चापून बसवलेले, अंगाला पावडरचा वास, आणि हसत म्हणाला, "हं, कुठं उभारायचं आम्ही?"

मी काही बोलायच्या आत प्रभुलिंग पुढं आला. माझ्या स्टुडिओत गिऱ्हाईक उभं असताना तो पहिल्यांदाच कॅमेऱ्याच्या पुढं आला होता. त्यानं राजशेखरच्या खांद्याला धरून त्याला पडद्याच्या मध्यावर, त्या मोकळ्या जागेपुढं आणलं, मागं एकदा बघितलं, पुढं एकदा बघितलं. मग विद्याश्रीकडं वळला. इतक्या वर्षांत तो तिच्याशी आपणहून कधी एक शब्द बोलला नव्हता.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही जरा बाजूला सरा."

ती सरली.